बेंबी सरकली नव्हती

अंजनगाव सुर्जीच्या बाजारात फुलं विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. आठ वर्षांच्या मुलीचं पोट दुखलं की ती टोपली तशीच टाकून, पोरीला पाठीवर घेऊन माझ्याकडे यायची. सरकलेली बेंबी मी बसवून देतो, अशी माझी ख्याती होती. मी पोटाला तेल चोळताना बाई पोरीचा घाम पदरानं टिपायची आणि धीर मात्र मला द्यायची, "चोळा बाबाजी, भेऊ नका. माही पोरगी खमकी हाये."

वर्षभरात असं चारदा झालं. दुखणं दोन-तीन दिवसांत आपोआप थांबायचं आणि यश मला मिळायचं. पाचव्यांदा पोरगी ओकून ओकून निपचित पडली. मी तेलाची वाटी उचलली, तर बाईनं माझा हात धरला. "आता नाई बाबाजी," म्हणाली आणि पोरीला घेऊन थेट अकोल्याला गेली.

महिन्यानं बाजारात भेटली. "स्वादुपिंड म्हणते त्याले. त्याची नळी जन्मापासूनच वेगळी हाये. रस तुंबते अन् सूज येते. डॉक्टरनं दुर्बिणीनं वाट मोकळी केली."

"माह्यापायी वर्ष गेलं, बाई."

ती माळ ओवतच राहिली. "आणत तं मीच होती ना? आता कोनाचं लेकरू असं घडीघडी आलं, तं तेल काढू नका. पयले दवाखान्यात धाडा."

गावात अजून सांगतात, ती पोरगी माझ्या हातानं बरी झाली. ते खोटं आहे. तिला तिच्या आईनं वाचवलं, माझा हात धरून.