जलपर्णीचं बेणं

"तुकडा नाय राह्यला पायजे," असं म्हणत ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची आणि जलपर्णी उपटून झाल्यावर त्याच जागी पुन्हा हात फिरवायची. तोवर बाकीच्या बायका दोन भारे काठावर टाकून मोकळ्या व्हायच्या.

मी ठेकेदाराचा सुपरवायझर. मूळचा सांगलीकडचा, बोईसरला खोली घेऊन एकटाच राहणारा. सूर्या नदीतली जलपर्णी काढायचं काम आमच्याकडे होतं. "मावशी, नदी साफ करायचीय, देवघर नव्हे!" मी ओरडायचो. ती नुसती हसायची, आणि माझा राग तिथेच विरायचा.

तिचा नवरा कधीच गेलेला. ती आणि मुलगा नदीत जाळं टाकून मासळी, तिच्या भाषेत मावरा, धरून पोट भरायची. जाळं ओढायला दोघं लागतात. जलपर्णी दाटली, होडी हलेना, तसा मुलगा गुजरातच्या बोटींवर गेला. दोन वर्षं फिरकला नव्हता. "पानी मोकला झाला का पोऱ्या येल," हे ती रोज एकदा तरी म्हणायची. कधी मला, कधी कुणालाच नाही.

आता तुम्हाला आतली गोष्ट सांगतो. आमच्या सांगलीकडे पुढच्या लागवडीसाठी उसाचं बेणं राखतात, इथे आमची टोळी जलपर्णीचं राखायची. काम संपत आलं की काठच्या करंजाखाली एक पुंजका मुद्दाम सोडायचा. वर्षभरात तो नदीभर पसरतो आणि पुन्हा सगळ्यांना काम मिळतं. माझी नोकरीही त्यावरच होती. मी तिकडे पाठ करून चहा प्यायचो.

शेवटच्या दिवशी ती सरळ त्या करंजाखाली शिरली.

"अगं, खुळी झालीस का? पुढल्या वर्षी खाशील काय?" मुकादम ओरडला.

"मावरा," ती म्हणाली, आणि पुंजका मुळासकट काठावर फेकला.

त्या संध्याकाळी तिच्याशी कुणी बोललं नाही. टोळी निघून गेली. ती एकटीच पाय धूत बसली होती. मी जवळ गेलो तसा तिने आपला मोबाइल पुढे केला. "सायब, पानी दिसल असा फोटू त्याला धाडा."

मी मोकळ्या नदीचा फोटो काढून पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं. नुसता अंगठा.

"काय बोलला?"

मला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. "बघितला म्हणाला."

"बघला ना? मग येल."

जलपर्णी पुन्हा वाढली नाही, तसा आमचा ठेकाही गेला. मी तारापूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो. परवा पुलावरून जाताना गाडी थांबवली. नदी स्वच्छ होती. होडी काठावर पालथी पडलेली. आणि ती एकटीच पाण्यात उभी राहून, वरून वाहत आलेली रोपं वेचून काढत होती. मजुरी नाही, टोळी नाही. मी हाक मारली.

तिने वर पाहिलं, मला ओळखलं, आणि खालूनच ओरडून म्हणाली, "अजून नाय."

मी काहीच विचारलं नव्हतं.