पाण्याचा रकाना

बास्सू वाळवंटाकाठच्या झगोऱ्याच्या शेती कार्यालयात एकतीस वर्षं सल्लागार होता. कुठल्या पिकाला हेक्टरी काय खर्च आणि काय मिळकत, याचे तक्ते करायचा नि गावच्या मशिदीच्या भिंतीला लावायचा. त्याचा सगळ्यात गाजलेला तक्ता कलिंगडाचा. खजुराच्या पाचपट नफा! त्यात बियाणं, खत, मजुरी, अगदी ट्रकचं भाडंसुद्धा धरलेलं. पाण्याच्या रकान्यात मात्र शून्य. जमिनीखालच्या पाटाचं पाणी इथे पाळीपाळीने मिळे. ते विकणं म्हणजे आईचं दूध विकणं. शहरातल्या कुणी हा तक्ता केला असता, तर त्याने काहीतरी आकडा घातला असता. बास्सू पडला गावचा, त्याने अभिमानाने शून्य घातलं. असला अभिमान काय जाळायचाय?

गावाने कलिंगडं लावली, पक्की घरं बांधली. मग उन्हावर चालणारे पंप आले, बोअर ऐंशी मीटरवर गेले, पाट आटला. बास्सू निवृत्त झाला तोवर खजुरांचे शेंडे वाळायला लागले होते.

उरली मशिदीमागची पिण्याची विहीर. ती आटली की तुदा जाणार, हे घरात ठरलेलंच होतं. तुदा त्याची थोरली बहीण, विधवा. बास्सूची बायको गेल्यापासून त्याला दोन वेळचं खाऊ घालत होती ती तीच. तिची मुलगी कधीपासून तिला कासाब्लांकाला बोलावत होती.

जानेवारीत लागवडीआधी बास्सू गावकीपुढे नवा तक्ता घेऊन उभा राहिला. पाण्याची किंमत धरली की कलिंगड तोट्यात जात होतं.

"यंदा निम्मीच लावा," तो म्हणाला. "विहीर वाचेल."

"बैल गेला नि झोपा केला!" हद्दू म्हणाला. हा त्याचा चुलत पुतण्या, गावातला सगळ्यात मोठा कलिंगडवाला. "काका, ते शून्य तुम्हीच लिहिलंत ना? आम्ही बापडे वाचणारे."

सगळे हसले.

"मी चुकलो," बास्सू म्हणाला.

हसणं थांबलं. हद्दूसुद्धा जरा वरमला.

"बरं, सोडतो मी निम्मं. पण माझ्या वाटचं पाणी मग शेजारचा ओढणार. तो सोडेल का, विचारा त्याला. तुमचं काय हो, पेन्शन येतंय महिन्याच्या महिन्याला."

शेजारचा उठून चपला शोधायला लागला. बास्सूने हात टेकले. हद्दूचा हिशोब बरोबर होता, आणि बास्सूला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

मे महिन्यात विहिरीच्या तळाचे दगड दिसले. आठवड्याभरात हद्दू आपल्या बोअरचं पाणी टँकरने आणून विकू लागला. पिंपाला वीस दिरहम. पहिले दोन दिवस त्याची मान वर होत नव्हती. तिसऱ्या दिवशी तो सुटे मागायला लागला.

बास्सूने रांग लावून एक पिंप घरी आणलं. तुदाने चहाची किटली हातात घेतली होती.

"कितीला?"

"वीस."

तिने किटली रिकामीच खाली ठेवली. "आपल्या गावात मी विकतचं पाणी पिणार नाही."

"मग कासाब्लांकात काय फुकट मिळणार आहे?"

"ते माझं गाव नाही."

गुरुवारच्या बसने ती गेली. बास्सू तिचं गाठोडं घेऊन रस्त्यापर्यंत गेला. थांब म्हणावंसं त्याला फार वाटलं, पण कोणत्या तोंडाने म्हणणार?