सयाजीचा पाला

सयाजी फौजेत पंधरा वर्षं मलमपट्टी करून पलूसजवळच्या आमच्या गावात परतला, तेव्हापासून माणसं आधी त्याच्या ओसरीवर जायची आणि मग डॉक्टरकडे. माणूस गुणी, पण तोरा भारी. "ठाऊक न्हाई" हे शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

सत्त्याण्णवच्या थंडीत गावातल्या म्हाताऱ्या अंबूबाईचा गुडघा टम्म सुजला. सयाजीनं धोतऱ्याचा पाला तेल लावून गरम करून बांधायला सांगितला. तीन दिवसांत सूज निम्म्यावर आली, घरचे खूश. चौथ्या दिवशी मात्र म्हातारी बरळू लागली. चेहरा लालबुंद, जीभ कोरडी, आणि हात हवेतून चिंचा वेचल्यासारखे हलत होते. पोटच्या जयराजला "कुटला रं तू?" म्हणाली. शेजारणींनी अंगात आलंय असा निकाल दिला आणि जयराजनं देवऋषीकडे न्यायला जीप बोलावली. सूज उतरली होती, मग पाल्यावर कोण कशाला संशय घेतंय!

सयाजीनं येऊन तिचे डोळे पाहिले. बाहुल्या मोठाल्या झाल्या होत्या. विषारी वायूवर उतारा म्हणून टोचायचं औषध जास्त झालं की माणसाचं असंच होतं, हे तो फौजेत शिकला होता. धोतऱ्यातही तेच द्रव्य असतं. त्यानं गुडघ्याची पट्टी सोडली. पाल्याखाली बिब्ब्याचे फुटलेले फोड! सांधा धरला की आमच्याकडे बायका बिब्बा लावणारच, आणि तो लावलाय हे सांगायचं असतं असं कुणाला वाटतही नाही. सयाजीनंही विचारलं नव्हतं. उघड्या कातडीतून पाला रक्तात उतरला होता.

पाला उकिरड्यावर टाकून तो गप्प राहू शकला असता. सगळं अंगात आल्याच्या नावावर खपलं असतं.

"जयराज, जीप दवाखान्याला घे," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "ह्ये माज्या पाल्याचं इख हाय. डाक्टरला मी सांगतो."

डॉक्टर मेंदूज्वर धरून चालले होते. सयाजीनं सांगितलं म्हणून उपचार बदलले. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं लेकाला नावानं हाक मारली.

तिला घरी आणल्यावर जयराज दारात आलेल्या सयाजीच्या अंगावर धावून गेला, तशी ती खाटेवरून कडाडली, "त्येला बोलू नगंस! चूक त्येची हाय, तशी माजीबी हाय. त्यो गप बसला असता, तर आज तू माज्या दहाव्याला बसला असतास."

सयाजी दारातच रडला, सगळ्यांसमोर. इतकी वर्षं शेजारी राहून मला तो त्या दिवशी मनापासून आवडला.