सातची गाडी आणि तीन पेपर

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाची रजा साचत नाही, किस्से तेवढे साचतात. स्टाफरूममध्ये खुर्ची मिळेलच असं नाही, म्हणून मी आपली व्हरांड्यात येरझाऱ्या घालते, आणि येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला जो तो थांबवून काहीतरी सांगतो. माझं घर नांदेडला, नोकरी लातूरला आणि जीव दोन्हीकडं नाही. तेव्हा मी भराभर सांगणार, तुम्ही भराभर ऐका.

* * *

मी खरी इंग्रजीची. नवा अभ्यासक्रम आला आणि प्राचार्यांनी बोलावलं. "म्याडम, ॲकॅडमिक इंग्लिश तर तुमचंच. इन्फर्मेशन सिस्टीम पण घ्या, तुम्हाला कॉम्प्युटर येतो."

म्हटलं, "सर, मला एक्सेल येतं."

"तेच ते. आन् लीडरशिपचा पेपर हाय, तो कोणी घेईना."

"पोरं माझं ऐकत नाहीत सर, मी काय लीडरशिप शिकवू?"

"शिकवून बघा. शिकली तर ऐकतील."

* * *

इन्फर्मेशन सिस्टीमच्या तासाला सांगितलं, रोज बघता अशी एखादी व्यवस्था घ्या आणि चित्र काढा. माहिती आत काय जाते, मधे तिचं काय होतं, बाहेर काय येतं.

वैभव म्हणून एक बोलघेवडं पोरगं आहे. त्यानं बसस्टँडवरची चौकशीची खिडकी घेतली. आत जातो प्रवाशाचा प्रश्न. मधे साहेब चहा पितात. बाहेर येतं, "येईल."

मीही मास्तरकी सोडली नाही. "माहिती साठवतात कुठं? तो चौकोन राहिला की."

"राहिला न्हाई म्याडम. ते साठवतच न्हाईत."

दहापैकी नऊ दिले. एक कशाचा कापला ते मला अजून सांगता येत नाही.

* * *

लीडरशिपच्या प्रॅक्टिकलला पाच-पाच जणांचे गट केले आणि म्हटलं, आपापला लीडर निवडा. वैभवच्या गटात तो सोडून चौघं. चौघंही फरशीकडं बघत बसली. कारण लीडर झाला की फाईल त्यानं लिहायची, शिव्या त्यानं खायच्या. वैभव तेवढ्यात पाणी प्यायला गेला होता. परत आला तर बिनविरोध निवडून आलेला!

"अरे, मला विचारायचं तरी!"

"तू नव्हतास म्हणूनच एकमत झालं," सुमय्या म्हणाली.

सुमय्या त्याच गटातली. मागच्या बाकावर, दाराजवळ बसणारी. वर्षभरात वर्गात बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य, आणि नेमकं माझ्या विषयात. मी उगीचच खूश झाले.

* * *

ही खुशी आठवडाभर टिकली. मग सुमय्या रोज दुसऱ्या तासाला उगवायला लागली आणि शेवटच्या तासाला घड्याळ बघत पसार व्हायला लागली. मी आधीच तापट. एक दिवस सगळ्यांदेखत झाडलं, "कॉलेज हाय का धर्मशाळा?"

ती तास संपल्यावर माझ्या मागं व्हरांड्यात आली. गाव देवणीच्या अलीकडचं. सकाळी सातची गाडी होती, लोड नाही, म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, म्हणून बंद झाली. आता शिरूर अनंतपाळपर्यंत जीप, जीप भरेपर्यंत थांबायचं, मग तिथून पुढं मिळंल ते.

"अब्बा म्हणले, असं जीपला लटकून जायचं असंल तर बस घरी. म्हैनाभर वाट बघतो म्हणलेत."

हजेरी पंच्याहत्तर टक्के लागते. तिची साठवर आली होती, आणि ती कापणारी मीच. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी ॲकॅडमिक इंग्लिशचा तास. गटकाम दिलं, डेपोच्या साहेबांना सातच्या गाडीबद्दल पत्र लिहा. आता आदल्याच आठवड्यात मी शिकवलेलं की या इंग्रजीत ठाम विधान करायचं नाही. असं दिसतं, असं म्हणता येईल, बहुधा, अशा बेतानं लिहायचं.

वैभवच्या गटानं पत्र झकास लिहिलं. एक चूक नाही. लीडर म्हणून तोच ते घेऊन डेपोत गेला. साहेबांनी दोनदा वाचलं आणि त्यालाच मराठीत सांगायला लावलं. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "सातची गाडी बहुधा येत नसावी असं दिसतं."

साहेब म्हणाले, "बहुधा? मग येत असंल की. नीट बघा आधी."

पोरगं हात हलवत परत. मी डोक्याला हात लावला. हे पाप माझंच. फळा पुसला आणि मराठीत दोन ओळी लिहून दिल्या: गाडी येत नाही. पाठवा.

* * *

त्या दोन ओळी घेऊन या वेळी सगळा गट गेला. साहेबांनी कंटाळून मान डोलावली. "पंधरा दिवस सोडतो. गाडी भरली तर चालू, रिकामी धावली तर सोळाव्या दिवशी बंद."

वैभव आमदार झाल्यासारखा परतला. मी कॅलेंडर बघितलं. पुढच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात दुसऱ्याच कुठल्या परीक्षेचं केंद्र. पाच दिवस तास बंद. त्या वाटेवरची पोरंपोरी येणार नाहीत, म्हणजे गाडीत बसणार कोण?

प्राचार्यांकडं धावले. "सर, एखादं प्रॅक्टिकल तरी ठेवू द्या."

"कुठं ठेवता म्याडम? मलाच केबिन सोडायला सांगितलंय."

वर्गात सुट्टी सांगितली तेव्हा सगळे खूश. सुमय्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि एवढंच विचारलं, "सोमवारपासून ना म्याडम?" मी तिच्याकडं बघूसुद्धा शकले नाही.

* * *

सोमवारी मी नांदेडला निघायला स्टँडवर उभी. नांदेडची गाडी लागली, गेली. मी काही चढले नाही. सातची गाडी रिकामी येते का, ते बघायचं होतं.

पावणेनऊला सुमय्याच्या गावची ती सातची गाडी आली. आधी उतरली सुमय्या. तिच्यामागं बुरख्यातली तिची आई, मग त्यांच्या शेजारच्या कांबळे काकू (नाव मागाहून कळलं), मग काठी टेकत एक म्हातारी, मग कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. बाया उतरतायत, उतरतायत, संपेनातच. उतरून सगळ्या तिथंच फलाटावर बसल्या आणि भाकरीची फडकी सोडली.

मी पुढं झाले. "दवाखान्यात निघालात का? बाजारला?"

सुमय्याच्या आईनं मला बसायला जागा केली.

"कुठंच न्हाई म्याडम. गाडी भरायला आलोत. बारा वाजता हिच्यातच माघारी जायचं." तिनं माझ्या हातावर चतकोर भाकरी ठेवली. "आज आमच्या गल्लीचा नंबर हाय. उद्या खालच्या गल्लीचा."