अर्धलीचा कोंबडा

झरीच्या मालनबाईला दुकानदारानं साखर मोजून दिली की ती पुडी हातावर तोलून बघायची. कमी भरली तर भांडायची आणि जास्त भरली तर घरापर्यंत काळजी करायची, की हा आज एवढा मोकळ्या हातानं का देतोय. तिचा नवरा सूर्यभान म्हणायचा, "हिला आपली सावली पन कुनीतरी पाळतीवर ठेवल्यावानी वाटती." नवरा थट्टा करायला लागला म्हणजे काहीतरी लपवतोय, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नसायची.

अशा बाईनं आपली अंडी उबवायला बसलेली खुडूक कोंबडी दुसरीला अर्धलीनं द्यावी, हे नवलच. पण यंदा तिचा नाइलाज झाला होता. अंगणातला एकुलता एक कोंबडा मुंगसानं नेला. त्याच्या हयातीतली शेवटची अंडी तेवढी हाती होती, आणि मुंगूस अजून कुपाटीतून डोकावत होतं. बाजारातला कोंबडा आणायचा तर तो कोणत्या गाडीतून उतरला, कुणाला ठाऊक? मालनबाईच्या कोंबड्या तिच्या आईनं माहेराहून बोळवण करताना दिलेल्या, अस्सल गावरान. ह्या अंड्यांतून एक चांगला कोंबडा निघाला नाही तर आईची ती ठेव तिच्याच अंगणात संपणार होती. म्हणून तिनं कोंबडी आणि अंडी उचलून खालच्या गल्लीतल्या कुसुमबाईकडं नेली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. कुसुमबाईनं पिल्लं वाढवायची, मोठी झाली की निम्मी हिची, निम्मी तिची.

अर्धलीचा कायदा साधा आहे. जिनं वाढवलं तिनं दोन वाटे घालायचे, जिची कोंबडी तिनं आधी उचलायचं. आणि वाटे घालणारीनं तेवढा वेळ तोंड मिटून बसायचं.

वाटणीच्या दिवशी कुसुमबाईनं अंगणात दोन डाली मांडल्या. तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, दोन्हीकडं सारख्याच होत्या. फरक होता तो कोंबड्यांत. एका डालीत तांबडा, दुसरीत कबरा. मालनबाईनं दोघांना हातावर तोललं, छातीची पिसं फुंकून कातडी बघितली, तंगड्या चाचपल्या. मग दोघांना सोडून मूठभर ज्वारी फेकली. तांबड्यानं कुक् कुक् करून कोंबड्यांना बोलावलं आणि स्वतः एक दाणा उचलला नाही. कबरा मात्र वाकला तो ज्वारी संपेपर्यंत वर आला नाही.

मालनबाईचं मन तांबड्यावर बसलंच होतं. तेवढ्यात कुसुमबाईला राहवलं नाही.

"तांबडा ने गं मालन. लय गुनाचा हाय त्यो."

झालं! मालनबाईच्या मनात पाल चुकचुकली. कायदा मोडून ही बोलली कशाला? चांगला माल कुणी आपण होऊन दुसऱ्याच्या पदरात टाकतं का? आणि तांबडा दाणे खाईना, म्हणजे हिनं सकाळीच त्याला गच्च चारून ठेवला असणार. कबरा बिचारा उपाशी होता, निदान जे होतं ते उघड होतं.

तिनं कबऱ्याची डाल उचलली.

कबऱ्यानं महिनाभरात आपले रंग दाखवले. दाणा टाकला की कोंबड्यांना टोचून हाकलायचा. घार फिरायला लागली की सगळ्यांच्या आधी हाच खुराड्यात. मालनबाईनं खूप विचार केला आणि तिला अखेर सगळं उलगडलं. कुसुम तांबडा म्हणाली की मी कबरा उचलणार, हे कुसुमला माहीत होतं. म्हणूनच ती तांबडा म्हणाली!

दिवाळीनंतर कुसुमबाईचा फोन आला. "मालन, तांबडा घिऊन जा बाई. माजा म्हातारा कोंबडा आन् ह्यो, दोगं एकमेकाचा जीव घ्यायलेत. परवा जावई यायलेत पूर्णेहून. तू न्हेला न्हाईस तर कापावा लागंल."

"बगते," मालनबाई म्हणाली आणि फोन ठेवला. फुकट द्यायला निघाली, म्हणजे तांबड्याला रोग लागला असणार. ती गेली नाही.

त्याच आठवड्यात तिची खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली. सगळी अंडी गार. कबऱ्याच्या एकाही अंड्यात जीव धरला नव्हता. रोगी तर रोगी, तांबडाच आणायचा, असं ठरवून तिनं कबऱ्याला काखेत मारलं आणि खालची गल्ली गाठली.

कुसुमबाईच्या उकिरड्यावर तांबडी पिसं पडली होती.

"काल कापला गं," कुसुमबाई म्हणाली.

मालनबाई कबऱ्याला काखेत धरूनच ओट्यावर बसली. तिला रडू आलं, खरंखुरं. "मला का न्हाई दिलास मग?"

"दिला व्हता की. दोनदा दिला."

कुसुमबाई आत गेली आणि पाटीत भुशावर ठेवलेली अंडी घेऊन आली. "ही घे. तांबड्यापाशी एक कोंबडी येगळी कोंडली व्हती, तुज्याचसाठी. तुज्या आईच्या कोंबड्यांची जात हाय ती, मला काय कळत न्हाई का? बसव ह्यांच्यावर तुजी खुडूक."

मालनबाईनं पाटीला हात लावला. अंडी चांगली होती, टपोरी. आणि हात पाटीवर असतानाच तिच्या तोंडून निघून गेलं, "पन तुजा म्हातारा तिच्याकडं गेलाच नसंल, हे कशावरून?"

कुसुमबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग हळूच तिचा हात बाजूला केला आणि पाटी आपल्याकडं ओढून घेतली.

"ऱ्हाऊ दे मालन. तुजा भरवसा बसंल असं माज्यापाशी काईच न्हाई."

ती रागावली नव्हती. पाटी घेऊन ती परसात वळली. तिचीही एक कोंबडी खुडूक बसली होती. 'दे गं, चुकलं माजं' एवढंच म्हणायचं होतं, शब्द मालनबाईच्या ओठांपर्यंत आलेही होते. पण एवढं बोलल्यावर ही रागावली कशी नाही, ह्यात हिचा काय डाव असेल, याचाच ती विचार करत बसली. तोवर कुसुमबाईनं एकेक अंडं आपल्या कोंबडीखाली सारलं होतं.