मुद्देमालाला पिल्लं झाली

कॅनरीच्या चोरीची ती घटना मी अजून विसरलेलो नाही. महायुद्ध सुरू होण्याआधी मी लोणावळ्याला फौजदार होतो. एका सकाळी गोव्याकडचे एक इंजिन ड्रायव्हर ठाण्यात आले. त्यांना कॅनरी, म्हणजे गाणारी विलायती पाखरं, पाळायचा नाद होता. व्हरांड्यात पिंजऱ्यांची रांग असे. नर गायला लागला की रस्त्यावरची माणसं थबकत. त्यांची अंड्यांवर बसलेली मादी कोणीतरी पिंजऱ्यासकट उचलून नेली होती.

"साहेब, अंडी फुटायला आलीत. पिल्लांना कोंबडीच्या उकडलेल्या अंड्याचा बलक लागतो. तो मिळाला नाही तर मरतील ती," असं त्या धिप्पाड गृहस्थाने काकुळतीला येऊन सांगितलं.

फिर्याद नोंदवली, पंचनामा केला. बाकीचे पिंजरे जागच्या जागी होते. गाणारे नर सोडून चोराने गप्प बसणारी मादी का न्यावी, हे मला कळेना.

पुढच्या आठवड्यात हवालदार कामशेतच्या बाजारातून बातमी घेऊन आला. पवना नदीकडच्या गावातून अंडी विकायला येणारी एक मावशी त्याला हसत म्हणाली होती, "लोणावळ्याचा मास्तर माज्याकडनं अंडी नेतोय बगा. गळ्यात माळ, अन् पिशवीत अंडी! इचारलं तर म्हनला, औषदाला."

मास्तर म्हणजे ड्रायव्हरसाहेबांचे शेजारी. पेन्शनीत निघालेले, पत्नी वारल्यापासून एकटेच राहणारे. त्यांना ठाण्यात बोलावलं. बराच वेळ ते "मला काही माहीत नाही" एवढंच म्हणत राहिले. अशा माणसावर दरडावून उपयोग नसतो. मी चहा मागवला आणि हवालदाराला म्हणालो, "राहू दे आता तपास. जागा हलली की मादी घरट्यात बसत नाही. अंडी केव्हाच गार पडली असतील."

"गार कशी पडतील?" मास्तर उसळले. "तिन्ही पिल्लं सुखरूप आहेत!"

बोलून गेले आणि त्यांनी मान खाली घातली.

"ती मादी माझ्या बायकोने हाताने भरवून वाढवलेली," ते हळूच म्हणाले. "ही गेली, तेव्हा घरात पाखरू बघवेना, म्हणून शेजारी देऊन टाकली. पुढे घर खायला उठलं. दिलेली वस्तू परत कोणत्या तोंडाने मागू? नुसतं बघायला म्हणून गेलो होतो, साहेब. हाक मारली तर तिने मान वर केली."

फिर्यादीला घेऊन आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. वारा लागू नये म्हणून पिंजऱ्यावर धोतर टाकलेलं होतं. ड्रायव्हरसाहेब तावातावाने पुढे झाले. पण आत मादी पिल्लांना भरवत होती. त्यांनी हात मागे घेतला.

"मास्तर, मागितली असती तर मीच आणून दिली असती," ते म्हणाले. मग पिंजऱ्यातल्या वाटीत डोकावून, "बलक फार कोरडा झालाय. थोडं पाणी घाला."

पिल्लं उडेपर्यंत पिंजरा हलवणं शक्य नव्हतं. मी मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या अटीवर, फिर्यादीच्या ताब्यात दिला, आणि फिर्यादीने तो आरोपीच्याच घरी ठेवला! ड्यूटी संपली की ड्रायव्हरसाहेब आधी तिकडे जात. पुढे वडगावच्या कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली आणि मादी मास्तरांकडेच राहिली.

तोवर मी चोराच्या मनात हाव शोधत असे. या प्रकरणानंतर संकोचही शोधू लागलो, आणि शेजाऱ्यांची भांडणं आली की दोघांना आधी समोरासमोर बसवू लागलो. त्यातली कित्येक तिथेच मिटली.

माझी बदली झाली तेव्हा निरोप द्यायला हे दोघे बरोबर आले. कोणत्या नराचा जोडा कोणत्या मादीशी लावायचा, यावरून त्यांची स्टेशनपर्यंत हुज्जत चालली होती. मी त्यात पडलो नाही.