मामाजींचं विमान

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना पुन्हा सुईत दोरा ओवता यायला लागला. त्या आनंदात त्यांनी रिमोटवर उडणाऱ्या विमानाचे सुटे भाग मागवले. पिंपळगाव राजाच्या आमच्या घरातली बैठक त्याच्या पंखांनीच भरली असती, एवढं मोठं.

माझं लग्न नुकतंच झालं होतं. नवरा नोकरीला अकोल्याला. मी मामाजींसमोर चहा ठेवायची, पदर सावरायची आणि परत फिरायची. बोलणं असं नव्हतंच.

ते बैठकीत विमानाचा नकाशा अंथरून बसत. पातळ लाकडाच्या बरगड्या टाचण्यांनी धरून डिंक लावत. सासूबाई ओरडत, "म्या पापड कुठी वाळू घालू आता?"

सांगाडा झाला. त्यावर रंगीत फिल्म चढवायची होती. ती इस्त्रीच्या उष्णतेने चिकटते आणि ताणून बसते. मामाजींनी इस्त्री टेकवली ती टेकवलीच. जळका वास आला म्हणून मी धावत बाहेर आले, तर पंखाला लिंबाएवढं भोक.

"मामाजी, इस्त्री कमी ठेवा. आणि फिरवत राहा," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चुकलंच. त्यांनी इस्त्री पुढे केली. "मंग तूच कर न माय. मले काई जमून नाही राह्यलं."

मग दुपारच्या दुपार आम्ही दोघं विमानापाशी. मी इस्त्री फिरवायची, ते कडा कापायचे. उडवायचा सराव मोबाइलवर करता येतो, हे त्यांनीच दाखवलं. त्या खेळात त्यांची विमानं सारखी पडायची, माझी उतरायची. ते चिडायचे आणि पुन्हा मोबाइल मागायचे.

गहू निघाल्यावर वारा पडलेली सकाळ बघून आम्ही विमान वावरात नेलं. मामाजींनी रिमोट धरला. विमान धावलं, उचललं, बांधावरच्या बाभळीवरून गेलं. मी चक्क टाळ्या वाजवल्या. पण ते वळून आमच्याकडे तोंड करून आलं आणि मामाजी गोंधळले. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं आपल्याला उलटं दिसतं. ते उजवीकडे वळवायला गेले, विमान भलतीकडेच कललं.

"सूनबाई, धर वं! धर!"

रिमोट माझ्या हातात आला. पंख सरळ केले, एक लांब फेरी घेतली, वेग कमी केला. विमान धसकटांत टेकलं, उड्या मारत गेलं आणि एक चाक वाटेत टाकून थांबलं. मामाजी धोतर सावरत त्याच्याकडे पळत सुटले. "उतरलं! उतरलं!" आपल्या सासऱ्यांना पळताना मी प्रथमच पाहत होते.

शेजारच्या वावरातले काका बघत उभे होते. जवळ येऊन त्यांनी विचारलं, "याच्यानं फवारणी होते काय?"

"नाही," मामाजी धापा टाकत म्हणाले.

"मंग काय करते हे?"

"उडते न बे!"

काकांनी विमानाभोवती एक चक्कर मारली. मग बांधावर ऐसपैस बसले.

"चाक लावा मंग," ते म्हणाले, "अन् उडवा आणखी एकदा."